उपकरणाला हलवणारं यंत्र शोधायचं कसं: एएचयू, पंप आणि मोटारींच्या कंपनांचा माग

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात कडा दातेरी दिसायला लागतात, एएफएमच्या, म्हणजे अणुबल सूक्ष्मदर्शकाच्या, प्रतिमेत तिरके पट्टे येतात, प्रकाशलहरींनी सूक्ष्म अंतरं मोजणारा प्रकाशीय टेबलावरचा इंटरफेरोमीटर काही केल्या स्थिर राहत नाही. असं झालं की बहुतेक ठिकाणी कुणीतरी रबरी पॅड मागवतं. पॅड कधी उपकरणाखाली जातात, कधी गच्चीवरच्या एएचयूखाली, म्हणजे वातानुकूलनाची हवा ढकलणाऱ्या यंत्राखाली. पैसे खर्च होतात आणि दोष तिथेच राहतो. काही वेळा तो वाढतोही, त्याचं कारण आठव्या टप्प्यात येईल.

गफलत क्रमाची आहे. कोणतं यंत्र हलवतंय हे सिद्ध होण्याआधीच उपाय सुरू होतो. ज्या लॅबमध्ये उपकरण सांभाळणारे आणि इमारतीचा प्लांट चालवणारे लोक वेगवेगळे आहेत, त्यांच्यासाठी हा क्रम लिहिला आहे. यातला कोणताही टप्पा गाळला तरी पुढचा टप्पा चुकीचं उत्तर देतो.

## १. कंपनच आहे ना, हे आधी ठरवा

भारतात वीज ५० हर्ट्झची आहे. चार पोलच्या (चुंबकीय ध्रुवांच्या) इंडक्शन मोटारीचा सिंक्रोनस, म्हणजे विजेच्या वारंवारितेशी जुळणारा, वेग १५०० आरपीएम (मिनिटाला फेरे), पण स्लिपमुळे, म्हणजे त्या वेगाच्या थोडं मागे राहण्यामुळे, ती प्रत्यक्षात १४४० ते १४८० च्या आसपास फिरते. म्हणजे सेकंदाला २४.० ते २४.७ फेरे. दोन पोलची मोटार साधारण २९०० आरपीएमला, म्हणजे ४८.३ हर्ट्झच्या जवळ असते. सहा पोलची ९६० ला, म्हणजे १६ हर्ट्झला. थेट विजेवर चालणारी इंडक्शन मोटार बरोबर २५ किंवा ५० फेऱ्यांवर कधीच बसत नाही.

तेव्हा तुमच्या त्रासाची वारंवारिता नेमकी ५० हर्ट्झ असेल तर आधी केबल, अर्थिंग आणि भिंतीपलीकडचं पॅनेल पाहा. तो बहुधा चुंबकीय किंवा विद्युत गोंधळ आहे. १०० हर्ट्झ मात्र दोन्हीकडून येऊ शकतं, कारण ट्रान्सफॉर्मरचा गाभा खरोखरच १०० हर्ट्झने गुणगुणतो. २४.२ असेल तर कुठेतरी मोटार फिरते आहे.

हा आकडा प्रतिमेतूनच काढता येतो. एएफएम सेकंदाला एक ओळ स्कॅन करत असेल तर जाण्याच्या अर्ध्या सेकंदात किती लहरी बसतात ते मोजा. १२ बसल्या तर त्रास साधारण २४ हर्ट्झचा आहे. पट्टे तिरके का दिसतात तेही यातूनच कळतं. वारंवारिता २४.२ असेल तर पुढची ओळ सुरू होताना लहर ०.२ आवर्तनाने सरकलेली असते आणि ओळीमागून ओळ तशीच सरकत जाते. स्कॅनचा वेग थोडा बदला. पट्ट्यांचा तिरकेपणा बदलला आणि लहरींचा हिशेब पुन्हा त्याच हर्ट्झवर आला, तर त्रास बाहेरचा आहे. लहरी नमुन्यावर त्याच अंतराने राहिल्या, तर तो नमुन्याचाच पोत आहे.

> इशारा: उपकरण सेकंदाला एकच वाचन घेत असेल तर २४.२ हर्ट्झची थरथर नोंदीत ०.२ हर्ट्झ म्हणून उमटते. पाच सेकंदांनी येणारी संथ लाट पाहून लोक तापमानाच्या मागे लागतात. आधी वाचनाचा वेग वाढवून पाहा.

मग उपकरणाचं स्वतःचं सामान तपासा. काखेत कळसा आणि गावाला वळसा हा प्रकार इथे फार घडतो. सूक्ष्मदर्शकाचा रोटरी पंपही १४४० आरपीएमचाच असतो. त्याची जाड व्हॅक्यूम नळी टेबलाच्या पायाला टेकलेली असते, उपकरणाचा छोटा चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) शेजारच्याच फरशीवर असतो, कंट्रोलरचा पंखा त्याच रॅकमध्ये घरघरत असतो. उत्पादकाच्या सूचनेत बसत असेल तर ही यंत्रं काही मिनिटांपुरती एकेक थांबवा. नळ्या आणि केबल टेबलाला कुठे ताणून धरत नाहीत ना, ते हाताने चाचपून पाहा. इथेच उत्तर मिळालं तर पुढचं काहीच करावं लागत नाही.

## २. तयारी: फिरणाऱ्या प्रत्येक वस्तूची यादी

प्लांट ऑपरेटरला बरोबर घेऊन इमारत फिरा. कागदावरच्या नकाशावरून यादी करू नका. नकाशात नसलेला पाण्याच्या टाकीचा पंप आणि नंतर बसवलेला एक्झॉस्ट पंखा हेच पुष्कळदा निघतात. प्रत्येक यंत्रासाठी इतकं लिहा:

- जागा: कोणता मजला, कोणत्या बीमजवळ, जमिनीवर की स्लॅबवर
- नेमप्लेटवरचा आरपीएम आणि पोल
- बेल्ट असेल तर दोन्ही पुलींचे व्यास आणि बेल्टची लांबी
- पंख्याच्या पात्यांची संख्या
- थेट स्टार्टरवर आहे की व्हीएफडीवर (विजेची वारंवारिता बदलून मोटारीचा वेग बदलणारं उपकरण)
- ऑटोवर आहे की मॅन्युअलवर, आणि जोडीचं स्टँडबाय यंत्र कोणतं
- बंद केल्यास कुणाचं काय अडेल

बेल्टचा तपशील बहुतेक जण सोडून देतात. समजा मोटार १४५० आरपीएमला आहे, मोटारीची पुली १५० मिमी आणि पंख्याची ३०० मिमी. पंखा ७२५ आरपीएमने, म्हणजे १२.०८ हर्ट्झने फिरेल. बेल्टची लांबी २००० मिमी असेल तर बेल्टचा एक पूर्ण फेरा सुमारे ५.७ हर्ट्झने होतो. बेल्ट एका जागी फुगला किंवा चिरला असेल तर ५.७ आणि ११.४ ला रेषा उमटतात. यादीत फक्त १४५० लिहिलेलं असेल तर या रेषांचा धनी कधीच सापडणार नाही. एका एएचयूचे निदान चार आकडे असतात: मोटार, पंखा, बेल्ट आणि पाती. पात्यांचा आकडा म्हणजे पंख्याचे हर्ट्झ गुणिले पात्यांची संख्या. तो वरच्या पट्टीत पडतो आणि बहुधा हवेतून आवाज म्हणून येतो.

डीजी सेट, म्हणजे डिझेल जनरेटरही यादीत घ्या. १५०० आरपीएमचा जनरेटर २५ हर्ट्झच्या आसपास फिरतो आणि चार स्ट्रोकच्या इंजिनामुळे १२.५ लाही रेषा देतो. वीज गेलेल्या वेळेच्या नोंदीत हे दोन आकडे दिसले तर दचकू नका.

> पडताळणी: नेमप्लेटचा आरपीएम पूर्ण भाराचा असतो. भार कमी असेल तर मोटार त्याहून किंचित जास्त वेगाने फिरते. शाफ्टवर परावर्तक पट्टी चिकटवून ऑप्टिकल टॅकोमीटरने खरा वेग मोजा. पट्टी चिकटवताना यंत्र बंद आणि कुलूपबंद असायला हवं.

## ३. सेन्सर: कोणता, कुठे, कसा

संवेदनशील उपकरणांच्या जागेसाठी व्हीसी वक्र, म्हणजे कंपनाच्या वेगाच्या ठरलेल्या मर्यादा, वापरतात. व्हीसी-ए म्हणजे सेकंदाला ५० मायक्रोमीटर. पुढची प्रत्येक पायरी निम्मी: बी २५, सी १२.५, डी साधारण ६, ई साधारण ३. सेकंदाला ६ मायक्रोमीटर हा वेग २४ हर्ट्झला म्हणजे जेमतेम ४० नॅनोमीटर हालचाल. पायाला, तळहाताला किंवा टेबलावरच्या पाण्याच्या पेल्याला तिचा पत्ता लागत नाही. त्यामुळे "आम्हाला तर काहीच जाणवत नाही" हा प्लांटकडून येणारा निर्वाळा खरा असतो आणि तरी निरुपयोगी असतो.

लॅबच्या फरशीसाठी जिओफोन (जमिनीच्या हालचालीचा वेग टिपणारा सेन्सर) किंवा उच्च संवेदनशीलतेचा अॅक्सेलरोमीटर (त्वरण मोजणारा सेन्सर) लागतो. सर्वसाधारण जिओफोन ४.५ हर्ट्झचा असतो आणि त्याखाली त्याची दाद झपाट्याने घटते. दोन-तीन हर्ट्झचा त्रास शोधायचा असेल तर तो चालणार नाही, तिथे सिस्मोमीटर, म्हणजे भूकंपमापक, लागेल. जिओफोनमध्ये तारेची गुंडाळी असते, म्हणून ट्रान्सफॉर्मरजवळ तो चुंबकीय क्षेत्रही पकडतो. त्याने दाखवलेले ५० हर्ट्झ एकटे पुरावा ठरत नाहीत.

मोबाइलमधला सेन्सर लॅबच्या फरशीवर वापरू नका. बहुतेक फोनांत सेन्सरचा स्वतःचा गोंगाट आपण शोधतो त्या पातळीच्याच घरात असतो. मात्र एएचयूच्या चौकटीवर, जिथे हाताला थरथर लागते, तिथे फोन वेग ओळखायला कामाचा आहे. तो सेकंदाला किती वाचनं घेतो ते पाहा. १०० घेत असेल तर ५० हर्ट्झच्या वरचं काहीही खरं मानू नका.

सेन्सर बसवताना होणाऱ्या चुका साध्या असतात आणि सगळी मोजणी वाया घालवतात. व्हिनाइलच्या थरावर, उचलत्या फरशीच्या तक्त्यावर किंवा पोकळ वाजणाऱ्या टाइलवर सेन्सर ठेवला की तो त्या थराचं नाचणं मोजतो. काँक्रीट मोकळं करा. ते शक्य नसेल तर तीन टेकूंचा जड धातूचा ठोकळा ठेवून त्यावर सेन्सर मेणाने किंवा पातळ दुहेरी टेपने पक्का करा. केबल अर्ध्या मीटरच्या आत फरशीला टेपने चिकटवा. तिन्ही दिशा मोजा. उभी दिशा शांत आणि आडवी गोंगाटाची असं वरच्या मजल्यांवर सर्रास असतं.

> पडताळणी: कामाला लागण्याआधी दोन्ही सेन्सर शेजारी शेजारी, एकाच दिशेला ठेवून १० मिनिटं नोंद घ्या. दोन्हींच्या रेषा एकमेकींवर बसायला हव्यात. जिथे बसत नाहीत, तिथे तुम्ही सेन्सरचाच गोंगाट पाहत आहात.

## ४. काहीही न छेडता एक पूर्ण दिवस नोंद

एक सेन्सर उपकरणाच्या पायाशी, दुसरा प्लांट रूममध्ये, आणि दोन्ही एकाच रेकॉर्डरवर किंवा घड्याळं जुळवलेल्या दोन रेकॉर्डरवर. निदान २४ तास घ्या, जमलं तर रविवारही घ्या. त्यातून स्पेक्ट्रोग्राम काढा: आडवा वेळ, उभी वारंवारिता.

या चित्रात पुष्कळ काही आपोआप वेगळं होतं. सकाळी ठरलेल्या वेळी सुरू होऊन रात्री थांबणारी रेषा वेळापत्रकावरच्या एएचयूची. दिवसातून थोडा वेळ येऊन जाणारी टाकीच्या पंपाची. दुपारच्या उन्हाबरोबर वर चढणारी आणि संध्याकाळी उतरणारी तिरपी रेषा व्हीएफडीवरच्या यंत्राची. दोन हर्ट्झच्या आसपासचा कामाच्या वेळातला धुरळा म्हणजे माणसांची चाल. कोकणपट्टीत किंवा मुंबई-गोव्यात पावसाळ्यात मोजत असाल तर ०.१ ते ०.३ हर्ट्झचा पट्टा फुगलेला दिसेल. तो खवळलेल्या समुद्राचा आहे, कोणत्याही मोटारीचा नाही, आणि तो बंद करता येत नाही.

वीज गेली तर नशीब समजा. उपकरण आणि रेकॉर्डर यूपीएसवर असतात, सगळा प्लांट एकदम थांबतो आणि डीजी येईपर्यंत थोडी खरी शांतता मिळते. त्या तुकड्यात त्रास गेला का, या एका उत्तराने अर्धं काम होतं.

## ५. आकडा दोन दशांशांपर्यंत न्या

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. "२४ हर्ट्झला शिखर आहे, एएचयू-३ ची मोटार १४४० ची आहे, म्हणजे तीच" असं म्हणून फाइल बंद होते. मोठ्या इमारतीत १४४० च्या आसपास फिरणाऱ्या कितीतरी मोटारी असतात. त्यांना वेगळं करणारा फरक दहाव्या आणि शंभराव्या हिश्शात असतो. एकीची स्लिप भारामुळे थोडी जास्त, दुसरीची थोडी कमी, म्हणून एक २४.१२ ला आणि दुसरी २४.३१ ला.

हा फरक दिसायला नोंद लांब हवी. दहा सेकंदांच्या तुकड्यातून ०.१ हर्ट्झचा, शंभर सेकंदांच्या तुकड्यातून ०.०१ हर्ट्झचा फरक उलगडतो. रेकॉर्डरची मूळ सेटिंग बहुधा एक-दोन सेकंदांची असते आणि त्यात सगळ्या मोटारी एकाच जाड शिखरात बुडतात. सेटिंग बदला.

दुसरा मुद्दा याहून महत्त्वाचा. ग्रिडची वारंवारिता स्थिर नसते. आपल्याकडे तिचा नियमित पट्टा ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ आहे. २४.२ च्या मोटारीसाठी हे ०.०७ हर्ट्झचं इकडेतिकडे आहे. म्हणजे लॅबची नोंद सकाळी आणि मोटारीची दुपारी घेतली तर एकच मोटार दोन वेगळी दिसेल, किंवा दोन वेगळ्या मोटारी एक दिसतील. दोन्ही जागी एकाच वेळी मोजा. याला पर्याय नाही.

हीच अडचण ओळखही पटवते. एका चॅनेलवर सॉकेटमधली विजेची वारंवारिताही नोंदवा, अर्थात सुरक्षित ट्रान्सफॉर्मरमधून. लॅबमधली रेषा ग्रिडबरोबर वरखाली डुलत असेल तर दोषी यंत्र थेट विजेवर आहे. ग्रिड डुलली आणि रेषा जागची हलली नाही, तर यंत्र व्हीएफडीवर आहे, कारण व्हीएफडी आपली वारंवारिता स्वतः बनवते. निम्मे संशयित इथेच गळतात.

त्रास ठरावीक लयीत वाढतो-कमी होतो का तेही पाहा. २४.१ आणि २४.२ च्या दोन मोटारी एकत्र आल्या की दर १० सेकंदांनी फुगवटा येतो. अशा वेळी दोषी दोन असतात, आणि एक थांबवली की लय मोडते.

## ६. बंद-चालू चाचणी

वारंवारिता जुळली म्हणजे फक्त संशय बळावला. यंत्र थांबवल्यावर त्रास थांबतो आणि सुरू केल्यावर परत येतो, हे पुन्हा पुन्हा दिसलं की मगच सिद्ध झालं.

> इशारा: फ्यूम हूडचा एक्झॉस्ट, जैवसुरक्षा कक्षाची हवा, क्रायोजेनिक कॉम्प्रेसर आणि लेझर किंवा चुंबकाला थंड पाणी देणारा पंप ही यंत्रं कुणाच्या लेखी परवानगीशिवाय थांबवायची नाहीत. चिलर बंद केल्यावर तो ठरावीक वेळ पुन्हा सुरू होत नाही, म्हणून त्याला लगेच चालू-बंद करायला लावू नका. मोठ्या मोटारीला तासात किती वेळा सुरू करता येतं ते प्लांटला विचारा. गार्ड काढायचा किंवा बेल्टला हात लावायचा असेल तर विजेचा आयसोलेटर (वीज तोडणारा स्विच) बंद, त्याला कुलूप आणि टॅग. नुसता पुश बटणाने थांबवलेला पंखा बीएमएसच्या (इमारतीची यंत्रं आपोआप चालवणाऱ्या संगणक प्रणालीच्या) एका आदेशाने पुन्हा फिरू शकतो.

काम दोन माणसांचं आहे. एक लॅबमध्ये, एक पॅनेलपाशी, फोन चालू ठेवून. संवाद साधारण असा व्हायला हवा:

"काका, लॅब तयार आहे. पंप-१ बंद करा."

"थांबा ताई, आधी पंप-२ ऑटोवरून काढतो. नाहीतर हा थांबला की तो आपोआप उठेल."

"बरं. झालं की सांगा, वेळ लिहिते."

"काढला. आता बंद… ११ वाजून ४२ मिनिटं १० सेकंद."

ऑटोवरून काढण्याचं हे वाक्य नसेल तर चाचणी फुकट जाते. ड्यूटी पंप थांबला, स्टँडबाय उठला, त्रास तसाच राहिला आणि निष्कर्ष निघाला की पंपाचा काही संबंध नाही. निर्दोष ठरवलेला पंप खरा गुन्हेगार निघण्याचं हे एक नेहमीचं कारण आहे.

क्रम असा ठेवा:

1. दहा मिनिटं काहीही न बदलता नोंद.
2. यंत्र बंद. वेळ सेकंदापर्यंत लिहा.
3. पाच मिनिटं थांबा, मग चालू.
4. सात मिनिटांनी पुन्हा बंद, चार मिनिटांनी चालू. अंतरं मुद्दाम विषम ठेवा. दर पाच मिनिटांनी चालू-बंद केलं तर त्याच लयीत चालणारं दुसरं काहीतरी फसवू शकतं.
5. असे निदान तीन फेरे. एक यंत्र पूर्ण होईपर्यंत दुसऱ्याला हात लावायचा नाही.

थांबतानाचा काळ नीट पाहा, तिथेच सर्वात जास्त माहिती असते. मोठा पंखा लगेच थांबत नाही, गती सोडत जातो. स्पेक्ट्रोग्रामवर १२.०८ ची आडवी रेषा वळून खाली उतरताना दिसते. लॅबच्या फरशीवरच्या सेन्सरमध्ये तीच उतरंड त्याच सेकंदाला दिसली, तर ती त्या पंख्याची सहीच आहे. दुसरं कुठलंही यंत्र त्या क्षणी तसा वेग बदलत नाही. उतरता उतरता रेषा मध्येच, समजा ८ हर्ट्झपाशी, एकदम उजळली आणि पुन्हा मंदावली तर तिथे स्लॅबचा, डक्टचा किंवा टेबलाचा नैसर्गिक अनुनाद आहे. हा आकडा लिहून ठेवा. व्हीएफडीवर पंख्याचा वेग कमी करण्याचा विचार पुढे झाला, तर तो या आकड्यावर नेऊन बसवायचा नाही.

आता दोन भूलभुलय्ये.

एक: एएचयू थांबला की कंपनाबरोबर हवेचा झोतही थांबतो. सूक्ष्मदर्शकाच्या स्तंभावर किंवा लेझरच्या वाटेवर येणारी हवा हाच त्रास असेल तर चाचणीचं उत्तर "एएचयू" असंच येईल, पण उपाय पूर्ण वेगळा असेल. म्हणून पंखा चालू ठेवून फक्त त्या खोलीचा डॅम्पर (डक्टमधली हवेची झडप) बंद करा किंवा जाळीवर पुठ्ठा लावा, आणि पुन्हा पाहा.

दोन: एक यंत्र थांबलं की इतर यंत्रं आपला वेग बदलतात. एएचयू बंद झाला, त्याचा पाण्याचा व्हॉल्व्ह मिटला, दाब वाढला म्हणून पंपाच्या व्हीएफडीने वेग उतरवला. त्रास गेला तो पंपाच्या वेगामुळे, आणि दोष लागला एएचयूला. चाचणीपुरते व्हीएफडी मॅन्युअलवर एका आकड्याला बांधून ठेवा.

मोटार दोषी की पंखा, हे ठरवायचं असेल तर कुलूप लावून बेल्ट उतरवा आणि मोटार एकटी चालवा. २४ ची रेषा राहिली तर मोटार, तिचं फाउंडेशन किंवा तिच्या केबलचं चुंबकीय क्षेत्र. गेली तर पंखा, पुली किंवा बेल्टच्या ताणाकडे पाहा.

## ७. वाट शोधा

दोषी यंत्र सापडलं, तरी कंपन लॅबपर्यंत कोणत्या मार्गाने येतं हे कळल्याशिवाय दुरुस्ती करू नका. मार्ग तीन: स्लॅब आणि खांब, पाइप आणि डक्ट, आणि हवा.

एक सेन्सर उपकरणापाशी कायम ठेवा. दुसरा यंत्राच्या चौकटीवर, मग स्प्रिंगखालच्या पायावर, मग शेजारच्या स्लॅबवर, खांबाशी, पाइपच्या क्लॅम्पवर, लॅबच्या भिंतीवर असा फिरवा. प्रत्येक जागी पाच मिनिटं. चौकट ते पाया यांच्यात मोठी घट नसेल तर स्प्रिंग काम करत नाही. लॅबच्या भिंतीवर, जिथे थंड पाण्याचा पाइप आत येतो, तिथला आकडा फरशीपेक्षा मोठा असेल तर वाट पाइपची आहे. मार्गावर आकडा उत्तरोत्तर कमीच व्हायला हवा असं नाही. अनुनादाच्या जागी तो वाढतो. म्हणून एका आकड्यावरून दिशा ठरवू नका.

हवेच्या वाटेसाठी मायक्रोफोन हवा. प्लांट रूमचं दार उघडून, लावून, पुन्हा उघडून पाहा. दाराबरोबर त्रास बदलला आणि फरशीचा सेन्सर जागचा हलला नाही, तर आवाज दोषी आहे.

गुरुत्वलहरी टिपणाऱ्या लिगोमध्ये याच्या पुढे जातात. स्पीकरने मुद्दाम आवाज, शेकरने मुद्दाम कंपन आणि कॉइलने मुद्दाम चुंबकीय क्षेत्र देऊन कोणत्या जागेचा डिटेक्टरवर किती परिणाम होतो, हे ते मोजतात. अमेरिकेतल्या हॅनफर्डच्या केंद्रात २०१७ मध्ये आलेल्या खुटखुटीचा उगम द्रव नायट्रोजनच्या यंत्रणेतल्या बाहेरच्या पाइपवर निघाला. पाइपवर बर्फ धरत होता आणि तहानलेले डोमकावळे त्यावर चोची मारत होते. उपाय पाइपवर बर्फ धरू न देण्याचा झाला. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लिगो-इंडिया उभी राहते आहे, तिथेही असा माग सतत काढावा लागणार आहे.

साध्या लॅबलाही ही पद्धत जमते. फरशीच्या एका जागी रबरी हातोडीने समान जोराने ठोकून उपकरणावर परिणाम किती होतो ते पाहा, मग पाइपवर, मग डक्टवर. जिथे हलक्या ठोक्यानेही उपकरण दचकतं, ती वाट.

> पडताळणी: दोन चॅनेलमधला कोहेरन्स (दोन नोंदी एकमेकींशी किती जुळतात याचं शून्य ते एक माप) एकच्या जवळ आला म्हणजे एकाने दुसऱ्याला हलवलं असं ठरत नाही. दोन्ही सेन्सर एखादा तिसराच पंप ऐकत असू शकतात. कोहेरन्सला बंद-चालू चाचणीची जोड हवीच.

## ८. दुरुस्ती, स्वस्तापासून महागाकडे

आधी अडकलेलं मोकळं करा. स्प्रिंग बसवलेलं यंत्र तपासताना बॅटरी घेऊन खाली वाका. वाहतुकीचे बोल्ट तसेच राहिलेले, चौकट आणि पायाच्या फटीत सिमेंटचा गोळा किंवा विटेचा तुकडा, मोटारीकडे जाणारी कडक कंड्युट, पंपाला लागूनच भिंतीत घट्ट आवळलेला पाइप, ताणून बसलेलं डक्टचं कॅनव्हास: यातलं काहीतरी मिळतंच. यातल्या एकानेही स्प्रिंग असून नसल्यासारखी होते. दुरुस्तीला तासभर लागतो.

मग यंत्र सुधारा. पंख्याच्या पात्यांवर साचलेली धूळ पुसून बॅलन्सिंग, पुलींची सरळ रेषा, जुना बेल्ट बदलणं, बेअरिंग तपासणं.

मग वेग. व्हीएफडी असेल तर वेग थोडा वर किंवा खाली सरकवून अनुनादापासून दूर न्या. सहाव्या टप्प्यात लिहून ठेवलेला आकडा इथे उपयोगी पडतो.

मग कंपनाचे आयसोलेटर, म्हणजे यंत्राखालचे पॅड किंवा स्प्रिंग, हिशेब करून. सुरुवातीला म्हटलेली पॅडची चूक ही. आयसोलेटर भाराखाली किती मिलिमीटर दबतो यावर त्याची नैसर्गिक वारंवारिता ठरते: साधारण १५.८ भागिले त्या मिलिमीटरचं वर्गमूळ. ३ मिमी दबणारं रबरी पॅड ९.१ हर्ट्झचं. २५ मिमी दबणारी स्प्रिंग ३.२ हर्ट्झची. यंत्राचा वेग या आकड्याच्या १.४ पटीच्या वर असेल तरच कंपन कमी व्हायला सुरुवात होते. २४ हर्ट्झला हे पॅड साधारण १७ टक्के कंपन पुढे जाऊ देतं, स्प्रिंग दोन टक्क्यांहून कमी. आता ६०० आरपीएमचा पंखा घ्या, म्हणजे १० हर्ट्झ. तो ९.१ हर्ट्झच्या पॅडवर ठेवला की अनुनादाच्या तोंडावर बसतो, आणि कमी अवमंदनाच्या (कंपन जिरवण्याच्या क्षमतेच्या) हिशेबात कंपन जवळजवळ पाचपट होऊन खाली जातं. पॅड घातल्यावर त्रास वाढला अशी तक्रार येते, तिच्यामागे बहुधा हे गणित असतं.

गच्चीच्या किंवा मधल्या मजल्याच्या स्लॅबवर यंत्र असेल तर स्प्रिंग स्लॅबच्या स्वतःच्या लवचिकतेपेक्षा कितीतरी जास्त दबणारी हवी. नाहीतर स्लॅबच स्प्रिंगचं काम करतो आणि लॅब त्याच्यावर असते. पाइपलाही पंपापासून पहिले काही आधार स्प्रिंगच्या हँगरवर द्या. यंत्र मोकळं आणि पाइप जखडलेला असेल तर खर्च फुकट जातो.

उपकरणाखालचं टेबल शेवटी. हवेवर तरंगणारी टेबलं २४ हर्ट्झ चांगलं गाळतात, पण त्यांची स्वतःची वारंवारिता एक ते तीन हर्ट्झच्या आसपास असते आणि तिथे ती कंपन वाढवतात. लोकांच्या चालण्याने त्रास होणाऱ्या खोलीत असं टेबल घेतलं तर एक दोष जाऊन दुसरा येतो.

## ९. पुन्हा मोजा

एका वेळी एकच बदल. प्रत्येक बदलानंतर त्याच जागी, त्याच सेटिंगवर, त्याच प्रकारच्या दिवशी नोंद घ्या. तीन दुरुस्त्या एकाच शनिवारी उरकल्या तर कोणती लागू पडली हे कळत नाही, आणि सहा महिन्यांनी त्रास परतला की पुन्हा पहिल्या टप्प्यावर यावं लागतं. फरशीचा आकडा उतरला तरी उपकरणाची प्रतिमाही काढा. सेन्सर समाधानी आणि प्रतिमा तशीच, असं झालं तर दुसरी वाट अजून उघडी आहे, सातव्या टप्प्याकडे परत जा.

यंत्र, त्याचे चारही आकडे, मोजलेली तारीख आणि लॅबच्या फरशीवरची पातळी यांचा एक तक्ता करा. एक प्रत उपकरणाच्या लॉगबुकात, दुसरी पॅनेलच्या दाराच्या आत. मोटार रिवाइंड झाली, पुली बदलली, बेल्ट नवा आला, व्हीएफडीची सेटिंग हलली, की त्या ओळीवर काट मारून नवा आकडा लिहायचा. हे काम फिटरच्या जॉब कार्डातच टाकून घ्या, म्हणजे ते कुणाच्या आठवणीवर राहत नाही.